बोलणाऱ्याचा माईक

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात माईकवर कधी 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हटलं नाही. बाकीचे स्पीकरवाले तेच म्हणतात, वर माईकला फुंकर मारतात, बोटानं टकटक करतात. फुंकर मारणारा माणूस दिसला की अण्णांच्या कपाळावर आठी चढायची. "तोंड हाय का भाता?" असं ते एकदा एका नगरसेवकाला म्हणाले होते. तो नगरसेवक नुकताच निवडून आलेला होता, पडलेला नव्हता, हे लक्षात घ्या.

अण्णा माईक तपासायचे ते संविधानाची उद्देशिका म्हणून. 'आम्ही, भारताचे लोक' इथून सुरुवात. त्यात श्रद्धा होतीच, आमच्या घरात ती नसती तरच नवल. पण धंद्याचा हिशेबही होता. 'सार्वभौम' म्हटलं की त्या 'भौ'वर स्पीकरची पेटी घुमते की नुसती गुरगुरते ते कळतं. 'समाजवादी'तला स सळसळला तर वरचा आवाज कमी करायचा. 'धर्मनिरपेक्ष'मधला क्ष कानाला टोचता कामा नये. आणि सगळ्यात अवघड शब्द 'प्रतिष्ठा'. स्वस्तातला माईक 'प्र'वर फाटकन वारा ओकतो. 'व्यक्तीची प्रतिष्ठा' स्वच्छ ऐकू आली की अण्णा समाधानानं म्हणायचे, "बसला आवाज," आणि माईक खाली ठेवायचे.

बाकी जगात आवाज बसला म्हणजे घसा गेला. नवखा पुढारी हे ऐकून घाबरायचा आणि खडीसाखर मागवायचा. आमच्याकडं मात्र आवाज बसला म्हणजे जागच्या जागी बसला, आता कुणीही बोला.

यातून एक घोटाळा झाला. अण्णा दरवेळी 'प्रतिष्ठे'शी थांबत असल्यामुळं मला लहानपणी वाटायचं, उद्देशिका तिथंच संपते. शाळेत परिपाठाला बाई पुढचं म्हणायला लागल्या, तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "बाई, झालं की, आवाज बसला." बाईंनी मला तिथल्या तिथं वर्गाबाहेर बसवलं.

दुसरा घोटाळा माझ्या एकटीचा नव्हता, तो आख्ख्या भागाचा होता. जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर कुठल्याही पक्षाची सभा असो, स्पीकर आमचाच. त्यामुळं लोकांच्या कानाला सवयच लागली होती. अण्णांचं 'आम्ही, भारताचे लोक' ऐकू आलं, की आता कार्यक्रम सुरू होतोय, जागा धरा. बायका हातातली भाकर तव्यावर टाकून यायच्या. पुढच्या सतरंजीवर बसायला मिळावं म्हणून पोरं पळत सुटायची. शाळेत उद्देशिकेला ताठ उभं राहायचं असतं आणि आमच्याकडं तीच ऐकून लोक पटापट खाली बसायचे. याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही.

दोन्ही भाऊ वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टला लागले, आणि वायरी उचलायला घरात मी उरले. सुरुवातीला लोक म्हणाले, बाईमाणूस स्पीकर लावणार का? मी म्हटलं, तुमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असतो ते आठवा. तेव्हापासून कुणी विचारलं नाही. अण्णांचे कान तोवर गेले होते. जन्मभर पेटीशेजारी उभं राहिलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. कानात घालायचं मशीन आणलं, ते शर्टाच्या खिशात पेनाशेजारी राहतं. तरी प्रत्येक कार्यक्रमाला ते येतात, खुर्ची डाव्या पेटीला लावतात आणि पेटीवर तळहात ठेवून बसतात. मी एकदा विचारलं, काय करता? म्हणाले, "ऐकतो."

त्यांनी मला धंद्याचा एकच नियम शिकवला. बोलणाऱ्याचा माईक बंद करायचा नाही. तो काहीही बोलो, आपल्याला पटो न पटो. फार पूर्वी एका निवडणुकीत एका पक्षाचा माणूस पाकीट घेऊन घरी आला होता. समोरच्याची सभा रंगात आली की वायर तेवढी ढिली करायची, एवढंच काम. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि पाकिटासकट परत पाठवला. त्या निवडणुकीत त्या पक्षाची एकही सभा आम्हाला मिळाली नाही. हे अण्णा आजही हसत सांगतात, आणि मला ते ऐकून दरवेळी नव्यानं बरं वाटतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही हे मी सांगायला नको. आमच्याकडं 'पाण्याचा दिवस' असतो. त्या दिवशी घरातलं एक माणूस कामाला जात नाही. पाहुण्यांना 'या' म्हणण्याआधी आम्ही मनातल्या मनात नळाचा वार मोजतो. निवडणुकीत आम्हाला पाण्याचा शब्द मिळाला होता. मतं आम्हीच दिली, सरकार आलं, गुलाल उधळला. त्या विजयाच्या मिरवणुकीलाही पेट्या आमच्याच होत्या. पेटीच्या जाळीत बसलेला तो गुलाल कितीही झटका, निघत नाही.

त्याच पेट्या घेऊन आम्ही मे महिन्याच्या उन्हात मोठ्या सरकारी कार्यालयासमोर मांडव घालून धरणं धरलं. गारखेड्याच्या बायका, आमच्या वस्तीतल्या बायका, रिकामे हंडे, आणि संध्याकाळी शिफ्ट सुटली की पुरुषमाणसं. एकानं मला टोमणा मारलाच. म्हणाला, "त्यांच्या मिरवणुकीला तुमचेच भोंगे व्हते की."

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी त्याच्या ओठांवरून शब्द ओळखले. "व्हते," ते म्हणाले. "निवडून आल्यावर वाजवायला दिले, आता इचारायला देतो. मतानं आलं, मतानं जाईल. तवर इचारायचं. जोरात इचारायचं, म्हणून तर आपला धंदा हाय."

धरण्याचं सगळं एका मावशींच्या हातात होतं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेल्या बाई. त्यांच्यापुढं हवालदारसुद्धा शर्टाची बटणं लावायचे. पोलिसांची परवानगी एकेका दिवसाची मिळायची, ती मावशी रोज संध्याकाळी जाऊन वाढवून आणायच्या. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायची, फाटक अडवायचं नाही, स्पीकरचा आवाज ठरवून दिला तेवढाच. त्या अर्जावर स्पीकरवाली म्हणून माझी सही असायची. मला त्या सहीचा कंटाळा यायचा. आपल्याच रस्त्यावर बसायला रोज विचारायचं? मी तसं बोलून दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, "आपण त्यांना म्हणतोय ना, नियमानं पाणी द्या? मग आपण बी नियमानंच बसू. आत जायचं तर दारानं जायचं."

आणि दार उघडायची वेळ आली होती. मंत्री शहरात येणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच बायकांना आत बोलावलं होतं. मावशींनी मुद्दे पाठ करून घेतले होते. कुणी काय बोलायचं, कुणी रडायचं नाही, सगळं ठरलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी निरोप आला. मंत्र्यांचा दौरा पुढं गेला. बैठकीचं नक्की नाही.

मांडवात आधी शांतता झाली, आणि ती मला आवडली नाही. स्पीकरवाल्यांना शांततेतला फरक कळतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतला एक जण उठला आणि माईकवर आला. वाळूजला कंत्राटी कामगार, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, सरळ मनाचा. पाण्याच्या दिवशी सुट्ट्या घेऊन घेऊन त्याची नोकरी टांगणीला लागली होती. आणि आठवड्यापूर्वी त्याची बायको भरला हंडा घेऊन जिन्यावरून घसरली होती. हात प्लास्टरमध्ये घालून ती पुढच्याच सतरंजीवर बसलेली होती.

"बस झालं," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "किती दिवस अर्ज करायचे? परवानगी मागून रडायचं व्हय? हे सरकार आपण आणलं ना? मग आपणच पाडू, आज, हितंच. चला आत. खुर्च्या भाईर फेका, ऑफिसला आपलं कुलूप ठोका. उद्यापासून सरकार आपण!"

खोटं कशाला बोलू, माझं अंग पेटलं. माझ्याही घरातली टाकी सकाळपासून कोरडी ठणठणीत होती. उठावं आणि त्या फाटकाला पहिली लाथ आपणच घालावी असं मला वाटलं. लोक उठायला लागले होते. हंडे वाजायला लागले होते. फाटकाशी बसलेले पोलीस उभे राहिले, त्यांनी डोक्यावर हेल्मेटं चढवली. मावशी दोन्ही हात पसरून "खाली बसा, खाली बसा" म्हणत होत्या, पण त्यांच्या हातात माईक नव्हता.

आणि मग मला फाटकापलीकडचं दिसायला लागलं. फाटक पडलं की संध्याकाळी टीव्हीवर फक्त फाटक दिसणार. हंडे कुणी दाखवणार नाही, प्लास्टरमधला हात कुणी दाखवणार नाही. उद्याची परवानगी संपली. ज्या पाच बायकांनी आत जायचं त्यांच्यावर गुन्हे, आणि सगळ्यात आधी आत जाणार तो माईकवरचा माणूस. त्याच्या बायकोला मग एका हातानं पाणी भरावं लागणार. आणि ज्यांना मतं मागून यावं लागलं होतं, त्यांना आम्ही फुकटात म्हणायची संधी देणार की बघा, हे लोक असलेच.

माझा अंगठा आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर, त्याच्या माईकच्या सरकत्या पट्टीवर होता. खाली ओढायचा अवकाश. एक इंचही नाही.

पण ओढवेना. ज्या माणसाचं कुणीच ऐकत नाही म्हणून तो इथवर आला, त्याचा आवाज मीच बंद करायचा? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? आणि नाही ओढला तर? अंगठा तिथंच घामानं चिकटला.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. अण्णा. डावा तळहात पेटीवर ठेवून, उजव्या हातानं मला हलवून ते विचारत होते. "लोक कामून उठायलेत माय? आवाज गेला का?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज गेला नव्हता, आवाजानं पेटीची जाळी थरथरत होती. मी मान डोलावली. मोठ्यानं म्हटलं, "व्हय अण्णा, गेला." आणि बाजूला पडलेला दुसरा माईक त्यांच्या हातात देऊन त्याची पट्टी वर सरकवली. पहिली होती तिथंच राहू दिली.

अण्णा उभे राहिले. त्यांनी माईक तोंडापासून चार बोटं लांब धरला, त्यांच्या नेहमीच्या अंतरावर.

"आम्ही, भारताचे लोक…"

काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, ऐकलं असतं तर मलाही पटलं नसतं. फाटकाकडं निघालेल्या बायकांमधल्या दोघी वळल्या आणि खाली बसल्या. विचार करून नव्हे, सवयीनं. मग त्यांच्या मागच्या. एका म्हातारीनं तर पदर सावरत शेजारणीला ढकललं, "सरक की, सुरू व्हायलंय." जागा जाईल म्हणून बाकीच्या घाईनं बसल्या. 'सार्वभौम'ला पेटी अशी काही घुमली की पुढं गेलेले पुरुषही थबकले आणि मागं बघू लागले. ज्यांना आमच्या वस्तीची रीत माहीत नव्हती ते इतरांना बसताना बघून बसले.

तो मात्र बोलतच होता. दोन माईक, दोन आवाज. "चला" म्हणत होता, आणि त्याच्या 'चला'खालून अण्णा एकेक शब्द शांतपणे ठेवत होते. शेवटी त्याची लय मोडली. तो वैतागून चालू माईकवरच म्हणाला, "अण्णा, थांबा की ओ जरा!"

मांडव हसला. अण्णांना ते कुठून ऐकू येणार? ते 'दर्जाची व संधीची समानता'वर होते. त्याच्या बायकोनं चांगल्या हातानं त्याची पँट ओढली आणि शेजारची सतरंजी थोपटली. तो बसला नाही, पण गप्प झाला.

अण्णा 'व्यक्तीची प्रतिष्ठा'शी आले. 'प्र'वर वारा नाही, 'ष्ठ' लखलखीत. त्यांनी माईक खाली घ्यायला सुरुवात केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी बोट गोल फिरवलं. आणखी. त्यांनी भुवया वर केल्या. मी पुन्हा फिरवलं.

आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अण्णा 'प्रतिष्ठे'च्या पुढं गेले. राष्ट्राची एकता, एकात्मता, बंधुता. कुठं अडखळले नाहीत. इतकी वर्षं पुढचं सगळं त्यांच्या पोटात तसंच होतं, मी मात्र त्यांचं तेवढंच समजून चालले होते. मांडवातून आवाज मिसळायला लागले. शाळेत रोज म्हटलेलं, कुणाला अर्धं आठवत होतं, कुणाला पाव. फाटकाशी उभ्या असलेल्या एका पोलीस पोरीचे ओठ हलताना मी पाहिले. 'अंगीकृत आणि अधिनियमित करून' इथं निम्मे लोक गडबडले, शाळेतही तिथंच गडबडायचे. मग सगळे पुन्हा एकत्र आले, 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत.'

स्वतःप्रत. म्हणजे कुणी दिलेलं नाही, आपणच आपल्याला दिलेलं. हे मला तेव्हा, त्या घामात, मिक्सरशेजारी उभी असताना कळलं. आपणच आपल्याला दिलेली वस्तू आपणच फोडून कशी चालेल? मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पहिला माईक अजून चालूच होता. बोलणारा तसाच उभा होता, माईक हातात. मी त्याला मानेनं खूण केली, बोल. त्यानं घसा साफ केला.

"मावशी आत जातील," तो म्हणाला. "उद्या नाय तर परवा, पण दारानं जातील. तवर हितंच बसू. बसूनच राहू." मग कार्यालयाकडं बोट करून म्हणाला, "आन् मतदानाला बी येऊ. लई आठवणीनं येऊ. ते इसरू नका!"

असा गजर झाला की पेट्यांची गरज नव्हती. संध्याकाळी परवानगी वाढवायला मावशींसोबत मी गेले. साहेबांनी सही केली आणि मान वर न करता विचारलं, आमच्या पोलीस वसाहतीच्या कार्यक्रमाला तुमच्या पेट्या मिळतील का? मी म्हटलं, अर्ज करा, बघू.

पुढचं सांगून टाकते. बैठक झाली, दोन दिवस उशिरा. पाच बायका दारानं आत गेल्या, त्यातली एक प्लास्टरवाली होती. नळाचं वेळापत्रक लिहून मिळालं, आणि ते चुकलं की जाब कुणाला विचारायचा त्या अधिकाऱ्याचं नावही. पाणी लगेच धो धो आलं असं नाही. वेळापत्रक चुकलं की मावशी तो कागद घेऊन जातात आणि सोबत आम्ही असतो. सरकार आहे तिथंच आहे. मतदान यायचंय. आम्ही कुठं जात नाही.

पण माझ्या मनात राहिली ती त्याच संध्याकाळची परतीची वाट. टेम्पोत मागं पेट्या, पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. अण्णांनी खिशातलं मशीन काढून कानात घातलं होतं, म्हणजे त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मीच आधी म्हटलं, "अण्णा, दुपारी आवाज गेला नव्हता."

"माहीत हाय," ते म्हणाले. "हात पेटीवरच व्हता की."

मी त्यांच्याकडं वळून बघितलं. ते समोर रस्ता बघत होते.

"मग मला विचारलं कामून?"

"तुझा अंगठा पट्टीवर व्हता. वढती का नाय, ते बघायचं व्हतं."

सिग्नलला टेम्पो थांबला. मागं पेट्या एकमेकींवर आपटल्या. मी विचारलं, "मग? बघितलं?"

"बघितलं," अण्णा म्हणाले. त्यांनी मशीन काढून परत खिशात पेनाशेजारी ठेवलं आणि तळहात माझ्या डोक्यावर ठेवला, पेटीवर ठेवायचे तसा.

"बसला आवाज," ते म्हणाले.